सहा सीताफळांचा जाब

त्या संशोधक साहेबाने जमील सरांना फसवलं. मलाही फसवणार होता, पण मधे सर उभे राहिले म्हणून त्याला जमलं नाही. सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेकनूरच्या बाजारात भावावरून हुज्जत घालत होतो. समोरचा मागेल त्या भावाला माल घेतला आणि निघालो... डोक्यावर टोपली घेऊन धंदा सुरू केल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

सर बीडला विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर नेकनूरला माझ्या सीताफळाच्या शेडशेजारी राहायला आले आणि एका शोधपत्रिकेसाठी शास्त्रज्ञांचे लेख तपासू लागले. त्यांच्या सहीशिवाय लेख पुढे जात नसे. मी सातवी नापास, पण ते काय बघतात हे मला लगेच कळलं. मीही टोपलीतली वरची फळं बघत नाही, तळाची वर काढतो. सर लेखाचा सारांश चष्म्याच्या डबीने झाकून ठेवत. आधी तक्त्यांची बेरीज, मग आकृत्या तक्त्यांशी जुळतात का ते. वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग करता येईल का? निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही? "सारांश म्हंजी दुकानाची पाटी, शेठ," ते म्हणायचे. "मी आदी गोदाम बघतो."

दोन हंगामांपूर्वी तो साहेब माझ्याकडे आला होता. फळांभोवती ओल्या गोण्या टांगून मी सीताफळ काळं न पडता जास्त दिवस टिकवतो, ते त्याला बघायचं होतं. आठ दिवस शेडमध्ये बसून मोजत, लिहीत राहिला. मला दादा म्हणायचा, माझ्या घरची भाकरी खायचा. गेला तो गेलाच. मग एका दुपारी सर हातात चिठ्ठी घेऊन आले. लेख कुणाचा हे ते कधीच सांगत नसत.

"शेठ, एकशेवीस सीताफळं ठिवली. शेवटी चांगली-खराब मिळून एकशेचौदा. सहा कुठं गेली?"

"उंदरानं नेली आसतील."

"साल न्हाई, बी न्हाई... उंदीर पिशवी घिऊन आलता का बे?"

मी हसलो. "मंग एखाद्या साहेबानं नेली. आमच्याकडं एक आलता, जाताना निवडून सहा गाडीत घातली. लेकरांला म्हनला."

सर हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले. "गोणी फळाला लागू देतो का तू?"

"न्हाई. वीतभर लांब. लागली की फळ गेलं."

त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि उठले. पंधरवड्याने साहेबाची गाडी सरांच्या दारात थांबली आणि आरडाओरडा ऐकून मी धावलो. तेव्हा कळलं, लेखात माझी पद्धत साहेबाने स्वतःच्या नावावर घातली होती आणि प्रयोग म्हणे प्रयोगशाळेत झाला होता. सरांनी समासात तीनच प्रश्न लिहिले होते. सहा फळं कुठे गेली? गोणी फळापासून किती लांब होती? प्रयोगाची जागा कोणती?

"तुम्ही भाषा बघा, बाकीच्यात कशाला पडता?" साहेब ओरडत होता.

"सहा फळं सापडली की सही करतो," सर म्हणाले.

"माझ्या शेडातली हायत ती! गाडीत कुठं ठिवली ते सांगू का?" माझा हात त्याच्या कॉलरपर्यंत गेला होता. सरांनी तो धरला. "हात न्हाई, शेठ. तक्ताच पुरा पडंल."

आणि पुरा पडला! लेख छापून आला तो जागा नेकनूर, शेड माझं, पद्धत माझ्या नावाची. सहा फळं प्रयोग चालू असताना काढून नेली, हेही साहेबाला लिहावं लागलं. आता वडवणीचे व्यापारी आले की आधी तो लेख दाखवतो, भावाचं मग बोलतो. आवाज चढवावा लागत नाही.

लेखाच्या शेवटी साहेबाने ड्रायव्हरचे आभार मानलेत, टायपिस्टचेही. सरांचं नाव नाही. मी भडकलो तर सर म्हणाले, "तपासणाराचं नाव कावून पायजे? काम दिसतंय की." सरांची हीच एक गोष्ट मला पटली नाही. बीडच्या शोकसभेत साहेब बोलायला उभा राहिला. लेखातल्या अचूकपणाचं सगळीकडे लई कौतुक झालं म्हणाला... आणि जमील सर? चांगले शिक्षक होते. बसला.

सरांच्या मुलीने त्यांची चष्म्याची डबी मला दिली. लेख माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, डबी बरोबर साहेबाच्या नावावर ठेवलेली असते. रोज दुकान उघडलं की सरांच्या रीतीने तपासतो. गोण्या आहेत. नेकनूर आहे. सहा फळंही आहेत. एक माणूस कमी भरतो. साहेब, तो कुठे गेला? मला नको, त्याच पत्रिकेत छापून उत्तर द्या.