चारशे बारा पाठवले

धरणाच्या ऑफिसात त्याला सगळे 'झटपट' म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. आईमागे मामा-मामींनी वाढवलेला. मामा धरणाखाली, नदीवरच्या पंपावर कामाला. दरवाजे उघडण्याआधी खालच्या चारशे बारा माणसांना कळवायचं काम ऑफिसातल्या मावशींचं. एकेकाला फोन लावायचा, "हो, ऐकलं" असं कानावर पडलं की नावापुढं खूण. अख्खी सकाळ त्यात जायची.

झटपटनं ते काम चुटकीसरशी होईल असं केलं. त्याचा प्रोग्राम एकाच्या उत्तरासाठी अडून न बसता सगळे मेसेज एकदम सोडायचा.

"पोचल्याचं कळतं का रे?" मावशींनी विचारलं.

"मावशी, वाट बघणं बंद, हीच तर गंमत आहे!"

चाचणीत सगळे मेसेज पोचले. पडदा नीट वाचता यावा म्हणून त्यानं शेवटी प्रोग्राम दहा सेकंद थांबवून ठेवला होता, तेवढ्यात ते गेले. मग साफसफाई करताना तो थांबा त्याला फालतू वाटला, काढून टाकला. सगळे मेसेज जाईपर्यंत बंद व्हायचं नाही, असं प्रोग्रामला सांगायचं मात्र राहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

गुरुवारी दुपारी पाणी सोडायचं ठरलं. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आलं, '४१२ पाठवले'. तो आकडा नुसत्या रांगेत लावलेल्या मेसेजांचा होता. रांग हलायच्या आत प्रोग्राम संपला, आणि एकही मेसेज बाहेर पडला नाही. मावशींनी सवयीनं फोन उचलला, तर हा हसून म्हणाला, "ठेवा तो आता, आराम करा."

अर्ध्या तासानं दरवाजे उघडले. बाकीचे काठावर होते म्हणून वाचले. मामा तेवढ्यात पंपाची जाळी साफ करायला पात्रात उतरला होता. पाणी यायच्या पाच मिनिटं आधीपर्यंत तो काठावर फोन घेऊनच बसला होता, असं सोबतच्या माणसानं सांगितलं.

पंपाच्या खोलीत मामाचा सदरा खुंटीला कोरडाच होता. त्यातला फोन मामीनं भाच्याच्या हातात दिला. शेवटचा मेसेज ऑफिसचा होता: 'ही चाचणी आहे. घाबरू नका.' त्याखाली मामाचं उत्तर: 'मिळाला रे बाळा. तू वर बसलायस म्हटल्यावर कसली भीती?'

आलेली उत्तरं वाचायची सोय झटपटनं केलीच नव्हती.