चौरंगाएवढं रणांगण

माझ्याकडे दोन फौजा आहेत आणि दोन्ही मिळून फरसाणाच्या एका डब्यात मावतात. जिंतूरला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत दिवाण, कपाट आणि शिलाई मशीन. उरलेल्या जागेत मी आणि नवरा. मोबाइलवर एकदा परदेशातला कुणी गृहस्थ भल्यामोठ्या टेबलावर बोटभर सैनिकांची लढाई मांडताना बघितला आणि मला तेच करावंसं वाटलं. पण तेवढं टेबल घरात आणलं असतं तर आम्हा दोघांना अंगणात झोपावं लागलं असतं.

म्हणून मी सत्यनारायणाचा चौरंग खाली काढला. दीड फूट बाय दीड फूट. रणांगण लहान, तर सैनिक त्याहून लहान. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीवर ज्वारीचे आठ दाणे उभे चिकटवले. पोस्टर कलरनं एक फौज लाल केली, एक निळी. घोडदळ तुरीच्या दाण्यांचं. साडीचा निळा काठ म्हणजे नदी आणि टॉवेलखाली पालथी वाटी म्हणजे डोंगर. पायदळ एका डावात चार बोटं चालणार, घोडा आठ बोटं. मोजायला गाठी मारलेला दोरा. जखमी झालेली पट्टी निम्मीच चालणार. हा कायदा मीच केला आणि फार हुशारीचा वाटून वहीत दोनदा अधोरेखित केला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुस्तकात लढाई दोन ओळींत संपते. मला मात्र नेहमी प्रश्न पडायचा, एवढी माणसं एका माळावर उभी कशी राहिली असतील? आधी कोण हललं असेल? मागच्याला पुढचं दिसत तरी होतं का? दोन्ही बाजूंनी मीच खेळायची. नवरा एसटीत ड्रायव्हर. ड्यूटीवरून आला की विचारायचा, "काय, हरलीस का जिंकलीस?" मी म्हणायची, "दोन्ही."

मग आबा आले. माझे वडील. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदाकाठाला उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परतायचं. या उन्हाळ्यात बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. दवाखाना जवळ म्हणून त्यांना माझ्याकडे आणलं. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुण्यासारखं चार दिवस, असा त्यांचा हिशेब. काठी त्यांनी दाराशीच उभी केली होती, निघायच्या तयारीत.

"दिवाळी झाली की मी मेंढरामागं जायलो," ते रोज म्हणायचे. गावाकडून भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, आबाला सोडू नको. रानात पडला तर मी कळप बगू का त्याला बगू?" माझी इकडे आड तिकडे विहीर झाली होती. जाऊ दिलं तर कुठल्या तरी ओढ्यात पडून राहतील, धरून ठेवलं तर भिंतीकडे तोंड करून झुरतील. मला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती.

एका रविवारी दुपारी मी डाव मांडला. आबा दिवाणावर पाय लांब करून बसले होते.

"हे काय मांडलंस माय?"

"लढाई."

"हे निळेवाले कुठं जायलेत?"

"लालवाल्यांना मारायला."

"ते हाय. पर ह्यांला पाणी कुठंय?"

नदी लाल फौजेच्या बाजूला होती. आबा म्हणाले, "मग मारायची काय गरज? ते तिथंच बसले तरी हे दोन दिसात वाळून जातील."

इतके महिने मी हजारो माणसं तहानलेली लढवत होते आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी वही काढली. तीन डाव पाण्यापासून लांब राहील ती पट्टी जखमी, असा कायदा लिहिला. तेवढ्यात आबांचा दुसरा प्रश्न आला, हे खातात काय? "जितं जनावर एक दिस बसलं, तितं दुसऱ्या दिशी चारा न्हाई. ठेवलं तर दुसऱ्याच्या पिकात शिरणारच." तेही लिहिलं. थांबल्या जागी खडूचा ठिपका द्यायचा, तिथं पुढच्या डावात मुक्काम नाही.

मग आबा खेळायलाच लागले. त्यांची फौज कधी फुटायची नाही. सगळ्या पट्ट्या एका घोळक्यात, जखमी असेल ती मधोमध. मी एखादी तुकडी वळसा घालून मागून पाठवली की ते नापसंतीनं मान हलवायचे. "एकटं सोडायचं नसतं माय." त्यांनी हल्ला म्हणून कधी केला नाही. पाण्यावर जाऊन बसायचे आणि माझी फौज तहानेनं निम्मी झाली की हसायचे. ओळीनं तीन लढाया हरले मी. काठीकडे त्यांचं बघणंही कमी झालं. मला वाटलं, जमलं आता, विसरले. एवढी शिकवते मी, पण अक्कल अशी कधी कधी चरायला जाते.

खंडेनवमीच्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर चौरंगावर पूजा मांडलेली. मधोमध आबांची काठी आडवी, शेजारी लोकर कातरायची कात्री, नवऱ्याचा पाना आणि पुढं माझ्या दोन्ही फौजा. आबांनी प्रत्येक पट्टीला मनापासून, ओल्या बोटांनी, हळद आणि कुंकू लावलं होतं. पोस्टर कलर पाण्यानं विरघळतो. लाल कोण, निळे कोण, काही राहिलं नव्हतं. सगळे एकाच मळवटाचे झाले होते.

मी भडकले. "आबा, काय केलंत हे! सहा महिने रंगवत होते मी!"

आबा हात तसेच ओले धरून म्हणाले, "आज हत्यारं पुजायची असतात ना माय. माझं हे, जावयाचं ते. तुझं हत्यार हेच की."

माझ्या आयुष्यात माझ्या खेळाला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं. नवरा खेळ म्हणायचा, शाळेतल्या बाई येड म्हणायच्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगीच चहा ठेवला.

दसरा झाला, पूजा उचलली. पण फौजा आता एकमेकींशी लढण्याच्या राहिल्या नव्हत्या. आबा म्हणाले, "मग दुसरं मांडू. सरकी हाय का घरात?"

शेजारी म्हैस आहे, तिच्या खुराकातली मूठभर सरकी आणली. पांढऱ्या लवेचे ते दाणे आबांनी चौरंगाच्या एका कोपऱ्यात ओतले आणि मला हसू आलं, हुबेहूब मेंढरं! हा कोपरा जिंतूर. माझा साडीचा काठ कापून त्यांनी दोन नद्या केल्या, अलीकडची दुधना आणि पलीकडची गोदावरी. मध्ये वालूर, मग मानवत. पार टोकाला, गोदावरीच्या पल्याड, सोनपेठ. कुठल्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतात आणि कुठल्या विहिरीवरून हाकलतात, तेही त्यांनी खडूनं दाखवलं. मी खूप उत्सुकतेनं विचारत राहिले. मला अजून वाटत होतं की आम्ही खेळतोय.

मग त्यांनी एक तूर घेतली. "हा मी. मेंढराला किती दोरा?"

"आठ बोटं."

"आन् मला?"

मी घाईनं म्हणाले, "आठच. बरोबरच जायचं तुम्ही."

"वहीत बग. जखमी गडी निम्मा. दोन रेघा मारल्यास तू." शाळेत न गेलेल्या माणसानं रेघा मात्र नीट बघून ठेवल्या होत्या. दोरा त्यांनी माझ्या हातातून घेतला, दुमडला आणि तूर चार बोटं सरकवली.

सरकी वालूरला पोचली तेव्हा तूर अर्ध्या वाटेत होती. सरकी दुधना ओलांडून मानवतकडे गेली, तेव्हा तूर कुठं वालूरला टेकली. मी म्हणाले, "कळप थांबवा ना एक दिवस." आबांनी खडूच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथला चारा संपला होता, थांबलं तर पिकात शिरणार. तो कायदा त्यांचा होता. एक माझा, एक त्यांचा, आणि दोन्हींच्या मधे ती तूर.

"मेंढरू लंगडं झालं तर मी खांद्यावर घेत व्हतो," आबा म्हणाले. "धा कोस न्यायचो." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दिवाळीनंतर भाऊ भेटायला आला तेव्हा आबांनी काठी त्याच्या हातात दिली. ओढ्यात आधी काठी टेकव, मग पाय टाक, एवढंच सांगितलं. आता भावाचा रोज संध्याकाळी फोन येतो, आज इथं मुक्काम, उद्या तिथं. आबा दोऱ्यानं मोजून सरकी सरकवतात आणि चुकीच्या विहिरीवर थांबला तर फोनवरच त्याला झापतात. चौरंग आता खाली जागेवरच असतो. आम्ही त्याला वळसा घालून चालतो.

परवा केर काढताना मला दिसलं की तूर पुन्हा जिंतूरच्या कोपऱ्यात येऊन बसली आहे. तिला खेटून हळदीकुंकवानं माखलेला ज्वारीचा एक दाणा उभा होता, पट्टीवरून काढलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"तू," आबा म्हणाले. "एकटं सोडायचं नसतं."