बशीरचं नाव

बढाई मारावी तर आमच्या साडूने, हाफिजने. चिपळूणकडचा माणूस, पण उभी हयात कतारात गेली. अल वक्रातल्या त्याच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी भिंतीवरचं पदक दाखवलं जातं. ते त्याच्या आजोबांचं, इंग्रजांच्या पलटणीतलं.

दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, सांदणांच्या ताटापुढे फातिहा पढून तो घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो. एकच नाव गाळतो. बशीर, आजोबांचे सख्खे भाऊ. दोघं एकाच पलटणीत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी ती इंडोनेशियातल्या जावात उतरवली. तिथले लोक डचांचं राज्य परत येऊ नये म्हणून लढत होते. आजोबांनी हुकूम पाळून गोळ्या झाडल्या. बशीर बंदुकीसकट त्या लोकांना जाऊन मिळाले आणि परत आलेच नाहीत. घराण्याने त्यांना भगोडा ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या जुमेरातीला हाफिजने इंडस्ट्रियल एरियातल्या आपल्या वर्कशॉपमधला कामगार युसरी जेवायला बोलावला. फातिहा झाली, आणि सवयीने पदकाची गोष्टही झाली. कुठल्या मोहिमेची, हेसुद्धा या शहाण्याने सांगून टाकलं. युसरी जावातल्याच सुरबायाचा, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर तोंडातून जावा निघून गेलं होतं.

युसरी रागावला नाही. तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "माझे आजोबा त्याच लढाईत गेले. पण तुमच्यातले काही आमच्या बाजूने आले होते. घरी आम्ही त्यांच्यासाठीही फातिहा पढतो. नावं ठाऊक नाहीत, म्हणून नुसतं हिंदी भाऊ म्हणतो. तुम्हाला कुणाचं नाव माहीत आहे?"

"नाही," हाफिज म्हणाला. मीही मान खाली घालून सांदण चिवडत राहिलो.

हाफिजची बायको ताहेरुन्निसा दारात उभी होती. "आता तरी खोटं नका बोलू," ती म्हणाली, आणि युसरीकडे वळली. "बशीर. यांच्या आजोबांचे भाऊ."

युसरीने तिथेच पुन्हा हात उचलले. "त्यांच्या वडिलांचं नाव? दुवेत तेही घेतो आम्ही."

हाफिजचा चेहरा काळवंडला. ते नाव तो दर जुमेरातीला घेतो.

"हमीद," तो कसाबसा म्हणाला.

त्या हमीदच्या एकाच मुलासाठी आम्ही इतकी वर्षं दुवा मागत आलो होतो. दुसऱ्यासाठी परक्या मुलखातली माणसं मागत होती, नावसुद्धा माहीत नसताना. युसरी पढत राहिला. आमीन म्हणायची वेळ आली तेव्हा हाफिजचा आवाज फुटेना, आणि लाजेने माझाही.