बाजारातला जास्तीचा माणूस

रायपूरच्या गुढियारी बाजारात भास्कर देवपुजारींना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांनी एकदा तरी बनवलं नाही असाही विरळाच. तांदळाची दलाली हा त्यांचा धंदा आणि लोकांची फिरकी घेणं ही हौस. एका शिष्ट गिऱ्हाइकाला त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "हा तांदूळ शिजून राहिला का घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. चिकट होते." त्या घरात म्हणे आठवडाभर दोन्ही वेळा सगळे कुजबुजत होते. शेवटी त्याची बायको दुकानात आली. भांडायला नाही, आणखी एक पोतं न्यायला.

अशा या भास्कररावांची जीभ एकाच माणसापुढे टाळूला चिकटायची. ती म्हणजे गंधालीताई, त्यांची थोरली मेहुणी. पुण्यात चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, ताठ कण्याची बाई. त्या चष्म्यावरून नुसत्या बघायच्या आणि भास्कररावांना आपल्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय असं वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "या ताई, बसा ताई, चहा घ्या ताई" यापलीकडे गाडी कधी गेली नव्हती.

यंदा ताई रायपुरात आल्या त्या संग्रहालयं बघायचीच असं ठरवून. शहराबाहेरच्या नव्या रायपूरकडे बस कधी मिळेल त्याचा भरवसा नाही, तेव्हा गाडी चालवायला भास्करराव आलेच. त्यांच्या पत्नी मीरावहिनी मागच्या सीटवर.

सकाळ शहरातल्या जुन्या संग्रहालयात गेली. सिरपूरच्या उत्खननातल्या मूर्तींपुढे ताई अशा उभ्या राहत, जणू मूर्तीच काही सांगणार आहे आणि तिचं बोलणं पुरं व्हायचंय. भास्कररावांनी एका द्वारपालाकडे बघून, "हा आमच्या दुकानातल्या शेखरसारखा दिसून राहिला," एवढंच म्हटलं, तर ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग ते बिचारे हात मागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या पोट्ट्यासारखे हिंडत राहिले.

दुपारी नव्या रायपुरातलं कलादालन. तिथे एका मोठ्या दालनात गावचा बाजार उभा केला होता. माणसाएवढ्या मूर्ती, बांगडीवाली, कोंबडे विकणारा, झाडाखालच्या पारावर बसलेला म्हातारा. उजेड मंद, गारवा मात्र कडक. मीरावहिनी चहा शोधायला गेल्या. ताई शेजारच्या दालनात भिंतीवरच्या चित्रांत बुडाल्या. भास्कररावांचे पाय बोलायला लागले होते. दालनात दुसरं कोणी नाही असं बघून ते दोरी ओलांडून पारावर, म्हाताऱ्याच्या शेजारी टेकले. थंडी वाजत होती म्हणून गमछा डोक्याला गुंडाळला.

तेवढ्यात एक कुटुंब आत आलं.

"अरे, ये देखो! कितना असली बनाया है!" कुटुंबातली बाई म्हणाली.

भास्करराव उठणारच होते. पण हे वाक्य कानावर पडलं आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं अंगात उसळून आलं. त्यांनी नजर कोंबड्यावर रोखली आणि श्वास बारीक केला.

"मूँछ तो देखो, एक-एक बाल लगाया है," तिचा नवरा म्हणाला. फोटो निघाले. आणखी दोन-चार लोक जमले. भास्कररावांना आत नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

मग त्यांना तो चष्मा दिसला.

गंधालीताई गर्दीतून पुढे आल्या, थेट त्यांच्यासमोर थांबल्या आणि त्यांनी मान तिरपी केली. पण ताईंच्या चेहऱ्यावर ओळखीची रेघसुद्धा नव्हती. त्या लोकांकडे वळल्या आणि आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या, "बाकी सब मूर्ति अच्छा है। ये वाला बिगड़ गया है।"

"क्यों, मैडम?"

"पेट देखो। जितना माल बचा, सब इधर भर दिया। और आँखें? इसमें एक भी विचार नहीं है।"

लोक मन लावून बघू लागले. भास्कररावांना राग आला, पण दाखवायचा कुणाला?

"कला ऐसे भागते-भागते नहीं देखते," ताई म्हणाल्या. "सब लोग चुपचाप खड़े रहो। ध्यान से देखो।"

दालनात शांतता पसरली. भास्कररावांची पाठ खाजायला लागली. मग मान. मग दोन्ही एकदम. ताई मात्र निवांत. "कितनी धूल बैठी है," असं हळहळत त्यांनी ओढणीचं टोक काढलं आणि भास्कररावांच्या नाकावरची धूळ अगदी हळुवार झटकायला सुरुवात केली.

जी शिंक आली, तिने झाडाची कागदी पानं हलली. फोटोवाली बाई किंचाळून नवऱ्याच्या पाठीमागे गेली. पहारेकरी दीदी शिट्टी वाजवत धावली. "ये कौन हैं? आपके साथ हैं क्या?"

"मैं नहीं पहचानती," गंधालीताई म्हणाल्या.

नेमक्या तेव्हाच मीरावहिनी चहाचा कप घेऊन आत आल्या. "अहो! तिथं काय करून राहिले तुम्ही? ताई, तू तरी सांगायचं ना यांना!"

दीदीने भास्कररावांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी हात जोडून माफी मागितली आणि मान खाली घालून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने ताई येऊन शेजारी बसल्या.

"ताई, मले कधी ओळखलं?"

"दारातूनच. गावच्या बाजारात स्पोर्ट्‌सचे बूट घातलेले तुम्ही एकटेच होतात."

"मग काहून नाही बोलल्या?"

ताईंनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "तुम्ही सगळ्या जगाची थट्टा करता, भास्करराव. मीरा फोनवर सांगते, मी पोट धरून हसते. पण माझी थट्टा तुम्ही कधी केली नाहीत. मी आले की घरात कुणी गेल्यासारखे बसता. मला वाटायचं, मी तुमच्या घरची नाहीच."

"तुमची भीती वाटते हो, ताई," भास्करराव म्हणाले.

"अजून?"

"आता तर जास्तच."

ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनाच उचकी लागली.

परतताना त्या पुढच्या सीटवर बसल्या. रस्ता रुंद आणि रिकामा, मीरावहिनी मागे डोळे मिटून पडलेल्या. ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "उद्याचं तिकीट रद्द करते, आणखी चार दिवस राहते. पण मीराला सांगायचं नाही. बॅगा घेऊन स्टेशनवर जायचं, ती रडायला लागली की परत फिरायचं."

"हव, ताई! बॅगा मी सकाळीच गाडीत टाकून ठेवतो. अन् वाटेसाठी डबाही करायले लावू तिले."

"दोघंही ऐकून ठेवा," मागून आवाज आला, "मी जागी आहे. अन् उद्याचा स्वयंपाक तुम्ही दोघं करून राहिले."