आज आली होती का?

माझी मोठी बहीण मेंदूज्वरानं गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि मी नुकती चालायला लागले होते. तिचा एकही फोटो नाही. पुढची चाळीस वर्षं आमच्या घरात तिचा विषय कुणी काढला नाही. ती परत आली ती बाबांच्या गोळीबरोबर.

बाबांना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरू लागला, मग पाय अडायला लागले. उंबरठ्यापाशी आले की थबकायचे, धानरोवणीच्या चिखलात पाय रुतावा तसे. जन्मभर धानाच्या बांध्या तुडवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात शिरता येईना. नागपूरच्या डॉक्टरांनी चालण्याची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात बाबा तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन येऊ लागले. "देवमाणूस हाये डॉक्टर," आई म्हणाली. मग आजारासोबत गोळीही वाढत गेली, आणि गोळीसोबत घरात माणसं वाढली.

पहिल्यांदा बाबांना नसलेली मांजरं दिसली. मग धानाच्या तणसाच्या ढिगाजवळ टोपीवाले तीन-चार जण उभे राहू लागले. बाबा त्यांना हाकलायला काठी घेऊन धावले आणि पडले. आणि एका रविवारी मी भंडाऱ्याहून गोळ्या घेऊन मोहाडीकडच्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा अंगणातल्या खाटेवर बसलेले बाबा अगदी सहज म्हणाले, "आता मोठी येऊन गेली."

आई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. घाबरली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "फराक कोणता होता?"

"निळा."

आईनं पदराला हात पुसले. मग मला म्हणाली, "निळाच घालून नेलं होतं तिले."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. गोळ्या मी आणते, एसटीचे धक्के मी खाते, दवाखान्याच्या रांगेत मी उभी राहते. पण त्या दिवसापासून आईनं माझ्या लेकरांची चौकशी करणंही सोडलं. घर की मुर्गी दाल बराबर. रोज संध्याकाळी दिवा लागला की ती बाबांजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, "आज आली होती का?" बाबा कधी नाही म्हणायचे, कधी "बसली होती, गेली" एवढंच. मोठी कधी बोलायची नाही. बाबाही तिच्याशी बोलायचे नाहीत. मी मात्र खाटेच्या ज्या टोकाला ती बसायची म्हणे, तिथे बसेनाशी झाले. हसण्यासारखं आहे, पण बसवत नव्हतं.

मग एकदा गेले तर आई भिंतीला टेकून ओकत होती. डोकं गरगरत होतं, उभं राहता येत नव्हतं. बाबांची गोळी तिनं खाल्ली होती.

"कायले खाल्लीस?" मी ओरडले.

"त्याइले दिसते, मले काहून नाई दिसत?" तोंड पुसत ती म्हणाली. "मी तिची माय आहो ना."

"मग? दिसली?"

"काही नाई दिसलं."

तिला पाणी पाजताना माझा सगळा राग विरघळून गेला. इतकी केविलवाणी आई मी कधी पाहिली नव्हती. गोळ्यांचा डबा मी उचलून शेजारच्या काकूंकडे ठेवला आणि बाबांना घेऊन नागपूर गाठलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. असं दिसणं काही आजारानं होतं, काही चालण्याच्या गोळीनं. गोळी कमी केली तर दिसणं कमी होईल, पण पाय पुन्हा अडतील. तिसरा एक रस्ता होता. पायांना धक्का न लावता फक्त दिसणं थांबवायचं, अशा एका नव्या औषधावर त्यांच्याकडे संशोधन चालू होतं. काही रुग्णांना खरं औषध मिळणार, काहींना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. फरक पडला नाही तर मात्र बाबांना त्यातून बाहेर काढून चालण्याची गोळी कमी करावी लागणार होती.

बाबांनी विचार करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या टोपीवाल्याइले घालवता येईन, अन् पोरीले राहू देता येईन, असं औषध नाई का जी?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "औषधाला निवडता येत नाही, काका."

घरी येऊन सांगितलं, तर आईला हे मुळीच नको होतं. "दिसून राहिली त दिसू द्या," ती म्हणाली. पण बाबा पुन्हा पडले असते तर खुब्याचं हाड गेलं असतं, आणि मला जिवंत माणसाची काळजी होती. मी हट्ट धरला. पुढच्या खेपेला नागपूरला बाबांनी संमतीच्या कागदावर सही केली.

काही आठवड्यांनी मी गेले तेव्हा बाबा मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. ताठ चालत होते. शिंगाड्याच्या वेलांनी अर्धं पाणी झाकलं होतं. इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "सगळे गेले. टोपीवाले बी गेले, मोठी बी गेली. तुह्या मायले सांगू नोको."

"पण ती रोज विचारते ना?"

"मी सांगतो, आली होती म्हणून."

त्या संध्याकाळी मी ते ऐकलं. आईनं विचारलं आणि बाबांनी सुरुवात केली. मोठी आज हसली. मोठीनं वेण्या घातल्या होत्या. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगा शिजवल्या का म्हणून विचारत होती. जन्मात कधी थाप न मारलेला माणूस, त्याला आवरतं घेणं माहीत नव्हतं. आई ऐकत होती, मध्येच "अन् मंग?" म्हणत होती. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासत बसले. जी दिसत होती ती मुकी होती, आणि जी आता नव्हतीच तिची बडबड घरभर चालली होती. मला त्या घरात त्या रात्री झोप लागली नाही.

तपासणीची तारीख आली. या वेळी डॉक्टरांनी आईलाही बोलावलं होतं, कारण रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाला विचारायची त्यांची पद्धत होती. पण पहिला प्रश्न बाबांना होता. "काका, अजून कुणी दिसतं का?"

दिसण्याचं मोजमाप करणारं यंत्र नाही. बाबा सांगतील तेच खरं धरलं जाणार होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी पदर आवरून बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येते जी. मोठी रोज येते."

"कमी नाही झालं?"

"नाई जी. जास्तच येते."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणजे कॅप्सूलचा उपयोग नाही, ते म्हणाले, आता चालण्याची गोळी उतरवत आणावी लागेल. बाबांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. पुन्हा तो उंबरठा, पुन्हा कुणीतरी काखेत हात घालून उचलायचं. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात घट्ट दाबला. मला संताप आला, त्यांचा, आईचा, त्या निळ्या फ्रॉकचाही.

मग डॉक्टरांनी आईकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"नाई येत जी ती," आई म्हणाली. "कवाची येणं बंद झाली."

बाबांनी मान खाली घातली.

"खरंच येत होती ना डॉक्टरसाहेब, तवा हे खाटेवर सरकून तिले जागा देत होते. सांगाव नाई लागे, मले चुलीजवळून दिसे. आता गोष्टी लय सांगतेत, पण बसतेत मधोमध." तिचा आवाज हलला नाही. "तुमचं औषध लागू पडलं. याइच्या पायाची गोळी कमी करू नोका."

परतीच्या एसटीत बाबा पुढच्या सीटवर होते. मी आईला हळूच विचारलं, "माहीत होतं त रोज विचारत कायले होतीस?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "हे सांगत, मी आइकत होती," ती म्हणाली. "तेवढा वेळ घरात राहे ती."

 मी तिच्या खांद्याला टेकून बसले, लहानपणी बसायचे तशी, आणि तिनं मला बसू दिलं.

फाट्यावर उतरून बाबा घरापर्यंत स्वतःच्या पायांनी गेले, कुठेही न अडता. आईनं भात टाकला, देवाजवळ दिवा लावला आणि चुलीपाशीच बसून राहिली. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. भात शिजून उतरला तरी आज ती आली होती का, हे तिनं विचारलं नाही. बाबा घराच्या दाराकडे तोंड करून वाट पाहत होते.