न गाळलेलं पाणी

सौंदडच्या आमच्या परसातल्या मिरच्यांची पानं फुलकिड्यांनी पार चुरडली होती. राख मारून झाली तरी फरक नाही. झाडंच उपटून फेकावीत इतका मला राग आला होता. शेवटी गोंदियाहून सूत्रकृमींची, म्हणजे कीड मारणाऱ्या बारीक जंतांची, पुडी आणली. संध्याकाळी भुकटी बादलीत कालवली आणि एक थेंब भिंगाखाली धरला. केसाहून बारीक जीव त्यात वळवळत होते! राग विसरून मी बघतच राहिले. आईलाही दाखवलं.

ती उठली आणि फडकं आणून पाणी गाळायला लागली. विहिरीच्या पाण्यातून नारूचा जंत अंगात जायचा, तेव्हापासूनची तिची सवय.

"माय, काऊन गाळून राहिली? हे जंतूच तं टाकाचे आहेत!" मी खेकसले. "फुलकिडे पानावरून मातीत उतरले का त्यायच्या अंगात शिरतेत अन् आतूनच खातेत त्यायले."

आईचा हात घोट्यावरच्या वणाकडे गेला. लहानपणी तिथूनच तिचा नारू काडीवर गुंडाळून काढला होता. मग तिनंच बादली उचलून प्रत्येक झाडाच्या बुडाशी सावकाश पाणी ओतलं.

पुढं सरळ, तुकतुकीत पानं फुटली. मी हरखून तिला बोलावलं. तिनं पान कुरवाळलं.

"लय दुखलं असन त्या बिचाऱ्या किड्यायले," ती म्हणाली.