केळशीचा गुलबास

दापोलीला एसटी बदलून केळशीच्या गाडीत चढलो. सुमनने खिडकीची जागा घेतली, मला पिशव्या दिल्या. बायकोच्या माहेरच्या वाटेवर नवऱ्याची किंमत तेवढीच. मी पुण्याचा, मराठीचा निवृत्त मास्तर. तिच्या गावी आजवर नुसत्या धावत्या भेटी दिलेल्या. या खेपेला चांगले चार दिवस राहायचं होतं, आणि मला ठाऊक नसताना घरातला एक जुना वाद तिथे निकालात निघणार होता.

वाद एका फुलाचा. परसात कुठेही उगवणारी, गडद गुलाबी गुलबक्षी. सुमन लग्न होऊन आली तेव्हा तिला ‘गुलबास’ म्हणायची. मी चार पाहुण्यांदेखत हसून म्हणालो, “अगं, शुद्ध शब्द गुलबक्षी.” माझी बहीण तर तिला कितीतरी दिवस ‘गुलबासवहिनी’ म्हणून चिडवायची. पुढे सुमनने तो शब्द घरात काढणंच सोडलं. मला वाटलं, शिकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी मोबाइल घेऊन ऐटीत परसातल्या गडग्यापाशी, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणापाशी, गुलबक्षीचे फोटो काढायला गेलो. झुडपं भरगच्च, पण फूल एकही उघडं नाही. पलीकडून हमीदाचाची माझी फजिती बघत होत्या. सुमनच्या आईच्या या जुन्या शेजारीण, वय ऐंशीच्या पुढचं.

“जावईबापू, आता झोपलीत ती. चारला या. गुलबास फुलला की आम्ही चहाचं आधण ठेवतो.”

“चाची, तुम्हीही गुलबासच म्हणता?”

“मग काय म्हणू? गुल म्हणजे फूल. अब्बास कोण इराणचा बादशहा होता म्हणे, त्याच्या नावाचं. आमचे वडील सांगायचे, गुल-ए-अब्बास. बोलून बोलून झाला गुलबास.”

तिथेच गडग्यावर बसून मी मोबाइलवर जुना शब्दकोश उघडला. गुलबास होता की त्यात, चांगला ठसठशीत. फूल मुळात अमेरिकेतलं, नाव इराणी बादशहाचं, आणि मी पुण्यात बसून शुद्धता शिकवत होतो. म्हणतात ना, उथळ पाण्याला खळखळाट फार.

चारच्या सुमारास फुलं उमलली. सुमन आणि चाची ओटीवर बसून फुलांचे लांब देठ एकमेकांत गुंफू लागल्या. सुई नाही, दोरा नाही, तरी बघता बघता वेणी तयार. समोर चहा, तांदळाचं गरम घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी.

“सुमन, तुझाच शब्द मुळाच्या जवळचा,” मी म्हणालो. “माझं चुकलं.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुढचं फूल उचललं. चाची हसल्या. एकतीस वर्षं या बाईने आपल्या अंगणातला शब्द माझ्या भीतीने गिळला होता. खरंच लाज वाटली.

येताना मिरीच्या दाण्यांसारखं काळं बी रुमालात बांधून आणलं आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावलं. दोन-अडीच महिन्यांत झाड फुललं. शेजारच्या काकू संध्याकाळी डोकावल्या.

“छान आहे हो. काय म्हणतात याला?”

मी सुमनकडे हात केला. सांगण्याचा मान सुमनचा.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंना म्हणाली, “गुलबक्षी.”